त्यांचा धंदा बारमाही, मग आपला हक्क हंगामी कसा?



'बारमाही' हा शब्द आपल्या तोंडात कधी येतो? बारमाही ओढा, बारमाही विहीर, बारमाही रस्ता. आपण चांगल्या गोष्टीलाच बारमाही म्हणतो. आता हा शब्द रिसॉर्टवाल्यांनी उचललाय. मौजमजेचं पार्क काढायचं, उन्हाळी आणि दिवाळी सुट्टीत चालवायचं आणि बाकीचे महिने पाळणे रिकामे फिरवायचे, हे त्यांना परवडत नाही. म्हणून शेजारची आणखी जमीन घ्यायची, पाण्याचे खेळ आणायचे, हॉटेल बांधायचं, लग्नाचा हॉल काढायचा आणि पार्क बारमाही करायचं. पेपरात ही बातमी विकासाची म्हणून येते.

मला एवढंच सांगायचंय. त्यांचा धंदा बारमाही झाला की आपली जमीन, आपलं पाणी, आपली वाट वर्षातल्या एकाही महिन्यात आपल्याला परत मिळत नाही. आणि असल्या कामाची कागदं हलवायला सगळ्यात सोयीचे महिने तेच, ज्यात आपण गावात नसतो.

खालापूरकडं बघा

वडवणीत बसून ही पोरगी रायगड जिल्ह्याचं काय सांगतीय, असं कुणी म्हणंल. सांगते. खालापूर तालुक्यात ठाकर आणि कातकरी राहतात. आमच्या बीड जिल्ह्यात पारधी, भिल्ल राहतात. ते डोंगरात, आम्ही माळावर. त्यांच्याकडं पाऊस आमच्या कितीतरी पट. तरी दोन गोष्टी सारख्या आहेत. एक, रायगड काय आणि बीड काय, दोन्हीकडं पेसा लागू नाही, कारण हे जिल्हे अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत. दोन, कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातो. आम्ही दसरा-दिवाळीला उचल घेऊन कोयता बांधतो आणि कारखान्याच्या फडावर जातो. दोघांचीही घरं सहा-सहा महिने बंद. म्हणून तिथं जे झालं ते आपण नीट बघितलं पाहिजे.

खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून थोड्याच अंतरावर, इमॅजिका नावाचं पार्क आहे. 2013 च्या एप्रिल महिन्यात ते सुरू झालं. कंपनीकडं जमीन सुमारे 300 एकर. आधी फक्त पाळणे आणि खेळ होते. 2014 मध्ये वॉटर पार्क आलं. 2015 मध्ये 287 खोल्यांचं हॉटेल आलं. 2016 मध्ये बर्फाचं पार्क आलं. तीन वर्षांत तीन वाढी. साथींनो, साल नीट लक्षात ठेवा. ज्या 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं, ज्या 2016 साली दुष्काळामुळं हायकोर्टानं क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर घालवले, त्याच 2016 साली खोपोलीजवळ शहरातल्या लोकांना खेळायला बर्फ आला.

ही गोष्ट एकट्या इमॅजिकाची नाही. मुंबईच्या गोराईला 1989 मध्ये एस्सेल वर्ल्ड निघालं. 1998 मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आलं. तेवढ्यानं भागलं नाही. पुढं त्याच कंपनीनं गोराई, मनोरी, उत्तन ही सगळी पट्टी पर्यटनाच्या सेझमध्ये घ्यायचा बेत केला. तिथल्या कोळ्यांनी, शेतकऱ्यांनी, ख्रिस्ती गाववाल्यांनी एकजुटीनं विरोध केला. तो सेझ उभा राहिला नाही. आणि 2022 मध्ये एस्सेल वर्ल्डचे पाळणेच लोकांसाठी बंद झाले. म्हणजे गाववाले तेव्हा हो म्हणाले असते, तर आज पाळणेही बंद आणि जमीनही गेलेली, अशी गत झाली असती.

वाढ थांबत का नाही?

हे समजून घ्या, म्हणजे गोड बोलण्याला फसणार नाही. असलं पार्क काढायला शेकडो कोटी लागतात. ते बहुतेक बँकेच्या कर्जातनं येतात. कर्जाचं व्याज बारा महिने चढतं. पाळण्याची देखभाल, वीज, पहारेकरी, सगळ्याचा खर्च बारा महिने. पण गिऱ्हाईक बारा महिने येत नाही. ते येतं मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात, शनिवार-रविवारी. धो धो पावसात उघड्यावरच्या पाळण्यात कोण बसणार? परीक्षेच्या दिवसांत पोरांना घेऊन कोण येणार? मग रिकामे महिने भरायला उन्हाळ्यासाठी पाणी, मुक्कामासाठी हॉटेल, आडदिवसासाठी कंपन्यांच्या मीटिंगा आणि शाळांच्या सहली, लग्नसराईसाठी हॉल. त्या प्रत्येक नव्या गोष्टीला पुन्हा कर्ज, आणि नव्या कर्जाला पुन्हा गिऱ्हाईक. ही भूक एका जमिनीवर भागत नाही. म्हणून पहिल्या दिवशी जो म्हणतो की फक्त पन्नास एकर पाहिजे, त्याचं पन्नास एकरात भागणार नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखा.

आणि एवढं करून कर्ज फिटतं का? इमॅजिकाची कंपनी कर्जात रुतली. 2020 ला कोरोनाची टाळेबंदी आली तेव्हा बारमाही धंदाच महिनोन्‌महिने बंद राहिला. शेवटी 2022 मध्ये बँकांशी कर्जाची तडजोड झाली आणि कंपनीची मालकी मालपाणी समूहाकडं गेली. मुळशी तालुक्यातली लवासा आठवा. वरसगाव धरणाच्या कडेला डोंगर कापून शहर बांधायला घेतलं. 2010 च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवायची नोटीस काढली. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. कंपनी बुडाली म्हणून कापलेला डोंगर काही परत जुळला नाही.

आपल्यातल्या बाईनं बचत गटाचे दहा हजार थकवले तर वसुलीवाला दारात येऊन बसतो. यांचे शेकडो कोटी थकले तर तडजोड होते, मालक बदलतो आणि कुंपण आहे तिथंच राहतं. आपण जमीन एका माणसाकडं बघून देतो. ती पुढं कुणाच्या हातात जाईल ते बँक ठरवते.

आपल्या जमिनीचं वर्ष कसं असतं

सायबाच्या नकाशात एका तुकड्याला एकच नाव असतं. पडीक. गायरान. वन. आपल्याकडं एकाच तुकड्याची वर्षभरात चार-चार कामं होतात. पावसाळ्यात त्यावर बाजरी, तूर, मूग. वरकड जमिनीवर नाचणी, वरई. पीक निघालं की गावाची शेरडं-गुरं. फाल्गुन-चैत्रात मोह वेचायचा. उन्हाळ्यात करवंदं, टेंभुर्णीची पानं, सरपण. ओढा आटला की त्यातच झिरा खणून पाणी. त्याच तुकड्यातनं शाळेची वाट, दवाखान्याची वाट, मसणवट्याची वाट. रायगडात ठाकर-कातकरी पिढ्यान्‌पिढ्या दळीच्या जमिनी कसतात. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, पण दर पावसाळ्यात त्यांचा घाम तिथं पडतो.

कुणी शेठ दोन महिन्यांची जत्रा भरवून गेला, तर उरलेल्या दहा महिन्यांत ही सगळी कामं चालू राहतात. बारमाही पार्कला हे चालत नाही. त्याचं कुंपण पक्कं, फाटकावर पहारेकरी, कॅमेरा. काल ज्या वाटेनं बाई पाण्याला जात होती तिथं आज ती 'अनोळखी इसम' ठरते. आम्हा पारध्यांना हे जास्त कळतं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं आमच्यासारख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. 1952 साली तो शिक्का कागदावरनं निघाला, पण लोकांच्या डोळ्यातनं निघाला नाही. रिसॉर्टमध्ये गिऱ्हाईकाची पर्स हरवली तर पहिली चौकशी कुणाच्या पालावर होईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

'रोजगार मिळेल' म्हणणाऱ्यांना विचारा

आपलीच काही तरुण पोरं म्हणतात, ताई, ऊसतोडीपेक्षा बरं नाही का? गावातच काम मिळंल, युनिफॉर्म मिळंल. मी त्यांना हसत नाही. मीपण फडावर मोळ्या वाहिल्यात, कोपीत राहून अभ्यास केलाय आणि कशीबशी बारावी काढलीय. कोयता सुटावा असं मलापण वाटतं. पण पोरांनो, सरळ प्रश्न विचारायला शिका. नोकऱ्या किती, त्यातल्या कायम किती? पगार कंपनी देणार का ठेकेदार? पीएफ कापणार का? पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी झालं की घरी कुणाला बसवणार? बाईला संडास-फरशीशिवाय दुसरं काम देणार का? हे सगळं ग्रामसभेत, लिहून, सही करून देणार का? धंदा बारमाही पाहिजे म्हणून जमीन मागता, मग नोकरीपण बारमाही लिहून द्या. इथं त्यांची गाडी अडते.

दुसरं, जमिनीच्या बदल्यात नोकरी हा सौदाच खोटा आहे. नोकरी एकाला, एका पिढीपुरती. जमीन सगळ्या घराला, पिढ्यान्‌पिढ्या. म्हातारीला कोण नोकरी देणार? पाय मोडलेल्याला कोण देणार? चार शेरडांच्या मागं म्हातारी पोट भरते ती गायरानाच्या जिवावर.

तिसरं, पाणी. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं कमी नाहीत. हंड्याच्या रांगेत पोरींच्या शाळा बुडतात. असल्या मुलखात कुणी पाण्याचे खेळ काढायचं म्हणत असंल, तर पाणी कुठल्या तलावातलं, कुठल्या बोअरचं, दिवसाला किती आणि मे महिन्यात किती, हे आधी विचारायचं. पर्यटकाचा मे आणि आपला मे एकच असतो. त्यांना जेव्हा सगळ्यात जास्त पाणी लागतं, तेव्हाच आपला झिरा आटलेला असतो.

आपल्यापर्यंत कसं येईल?

वडवणीत अजून असलं पार्क नाही. पण बालाघाटाचे डोंगर आहेत, कुंडलिकेचा तलाव आहे, गायरानं आहेत. 2025 च्या सप्टेंबरात रेल्वे बीडपर्यंत आली आणि ती परळीला जाणार ती वडवणीवरनंच. रेल्वे यावी, आम्हालापण बसायचंय. पण रेल्वेच्या आधी जमिनीचे दलाल येतात हे ध्यानात ठेवा. त्याच सप्टेंबरात महसूल मंत्र्यांनी आदिवासींची जमीन खाजगी लोकांना भाड्यानं देण्याची वाट सोपी करायची घोषणा केली. आजवर कायदा काय सांगतो? महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणं आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत पट्ट्यानं द्यायची तर कलेक्टरची मंजुरी लागते, विकायची तर वर राज्य सरकारचीही लागते. हे कुंपण आपल्या बाजूचं आहे. तेवढं एक कुंपण त्यांना ढिलं करायचंय.

आणि गायरानाचं काय? 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयानं सांगितलं की 14 एप्रिल 1990 पर्यंत भूमिहीन दलित-आदिवासींनी कसलेली गायरानं त्यांच्या नावावर करा. तीस वर्षांच्या वर झाली. आमच्या तालुक्यात आजही माणसं दंडाच्या पावत्या ट्रंकेत जपून बसलीत. एक-ई ला नोंद करा म्हणून तलाठ्याकडं गेलं की उद्या या. उलट 2022 मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर गायरानावरच्या लोकांना अतिक्रमण हटवायच्या नोटिसा आल्या. गरिबानं पोटासाठी नांगरलं तर अतिक्रमण, आणि शेठनं तिथंच पोहायचा तलाव बांधला तर पर्यटन! ह्या दोन शब्दांतला फरक कायद्यात नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे.

रिकाम्या गावातली ग्रामसभा

आता मुद्द्याचं. वनहक्क कायदा 2006 चा. त्याला पेसा लागत नाही, तो रायगडालाही लागू, बीडलाही लागू. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला हक्क. गावाला चराईचा, गौण वनोपजाचा, पाण्याचा, जंगल राखण्याचा सामूहिक हक्क. दाव्याची पडताळणी पूर्ण होईस्तोवर कुणालाही हुसकायचं नाही, हे कलम 4(5) मध्ये सरळ लिहिलंय. ओडिशाच्या नियमगिरी डोंगरावर डोंगरिया कोंधांनी ह्याच कायद्याच्या जोरावर वेदांतासारख्या कंपनीला अडवलं. 2013 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे इकडं खोपोलीला पार्कचं फाटक उघडलं त्याच महिन्यात, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ग्रामसभेला विचारा. बारा ग्रामसभा भरल्या. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. आपल्या रायगडात पेण भागातल्या 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 ला रिलायन्सच्या महामुंबई सेझवर सरकारला गाववाल्यांचा कौल घ्यावा लागला. तो सेझही झाला नाही.

तिथली माणसं जिंकली, कारण मत द्यायच्या दिवशी ती गावात होती.

आपलं उलट आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला आपण कुठं असतो? सांगलीच्या, कोल्हापूरच्या, कर्नाटकच्या फडात. कातकरी कुठं असतो? भट्टीवर. 1 मे ला काहींचा पट्टा पडलेला असतो, काहींचा नाही. गावाच्या साध्या ग्रामसभेला गणपूर्ती किती? मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असंल ते. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की गणपूर्ती लागत नाही. मग पाच माणसांत 'सर्वानुमते' ठराव! आपण बेळगावला मोळी बांधतोय आणि इकडं आपलं सर्वानुमत झालेलं. वनहक्काच्या ग्रामसभेचा नियम वेगळा आहे, पाठ करा. 2012 च्या दुरुस्तीनुसार निम्मे सभासद हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, आणि दाव्याचा ठराव असंल तर निम्मे दावेदार पाहिजेत. एवढी माणसं नसतील तर तो ठराव ठराव नाही.

त्यांचा धंदा बारमाही आहे, आणि आपला हक्क आपण गावात असू तेवढ्या सहा महिन्यांचा राहिलाय. खरं भांडण इथं आहे. पाळणे, बर्फ, हॉटेल हे सगळं नंतरचं.

कोयता बांधायच्या आधी

हा अंक हातात पडंल तेव्हा पेरण्या झालेल्या असतील. दसऱ्याला अजून वेळ आहे. तेवढ्यात ही कामं उरकायची.

1. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला सगळ्या घरातनं माणसं गेली पाहिजेत, बाया पहिल्यांदा. ठराव मांडायचा: गावाची वनजमीन, गायरान, तलाव, वाट ह्याबद्दल कुठल्याही खाजगी प्रकल्पाचा विषय मजूर बाहेरगावी असताना घ्यायचा नाही. घ्यायचाच असंल तर पट्टा पडून माणसं परत आल्यावर.

2. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह त्याच आठवड्यात घ्यायची. ग्रामसेवक 'नंतर देतो' म्हणाला तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. पोच म्हणजे निम्मी लढाई.

3. ज्यांचा वैयक्तिक वनदावा राहिलाय त्यांनी नमुना अ भरायचा. गावानं मिळून चराई-वनोपज-पाण्यासाठी नमुना ब, आणि जंगल राखण्याच्या हक्कासाठी नमुना क. नुसता वैयक्तिक दावा केला तर चार भिंती वाचतात, जंगल वाचत नाही.

4. गायरान कसणाऱ्यांनी पेऱ्याचा पुरावा, दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढायच्या. एक घरी, एक संघटनेकडं, एक फडावर जाताना संगं.

5. गावात राहणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि शाळेतल्या पोरांची राखणकमिटी करायची. कुणी फीत घेऊन मोजायला आलं, खुणेचे दगड रोवले, बोअरची गाडी आली, की लगेच फोन. फडावर प्रत्येक टोळीत एक फोन त्यासाठी चालू ठेवायचा.

6. उचलीच्या नडीपायी कुणीही जमिनीच्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. मुलीचं लग्न, दवाखाना, काय असंल ते संघटनेला सांगा. इसार म्हणून घेतलेले पाच हजार पुढं पाच एकराला भारी पडतात.

सरकारलाही आमचं सांगणं आहे. 26 जानेवारीची ग्रामसभा फडावर नेता येत नाही, हे आम्हाला कळतं. पण जिथं निम्मं गाव हंगामी स्थलांतर करतं, तिथं जमिनीचा कुठलाही निर्णय स्थलांतराच्या महिन्यांत घेऊ नये, एवढा एक आदेश काढायला पैसा लागत नाही. शहरातल्या माणसाला सुट्टी कधी असते ते बघून पार्क चालतं. मग गावातला माणूस घरी कधी असतो ते बघून ग्रामसभा का चालू नये?

शहरातल्या पोरांनी पाळण्यात बसू नये, असं मी म्हणत नाही. पोरं कुणाचीही असोत, हसावीत. पण आमच्या शेरडांची वाट बंद करून, झिऱ्याचं पाणी ओढून आणि आम्ही फडावर असताना सह्या उरकून तो पाळणा फिरणार असंल, तर त्याला आमचा विरोध बारा महिने राहणार.

ज्याला वाचता येतं त्यानं हा कागद पालावर, पाड्यावर, पारावर मोठ्यानं वाचून दाखवावा. वाचून झाला की पुढच्या वस्तीला द्यावा.

लढेंगे, जीतेंगे!

एक पारधी कार्यकर्ती, वडवणी, जि. बीड